बोलींचा शोध घेणारा माणूस : जॉर्ज ग्रिअर्सन

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आपल्या दादीचे किंवा नानीचे बोलणे कधी कान देऊन ऐकले आहे का? शाळेत आपण पुस्तकातील उर्दू शिकतो. मराठीच्या तासाला प्रमाण मराठी शिकतो. पण घरी आपण जे बोलतो, ते या दोन्हींपेक्षा थोडे निराळे असते. कोणाच्या घरी दखनी बोलतात. कोकणातील मुलांच्या घरी कोकणी बोलतात. खानदेशातील मुलांच्या बोलण्यात अहिराणीचे शब्द सहज येतात. असा एखादा घरचा शब्द वर्गात तोंडातून निघाला, की इतर मुले हसतात. ज्याला हसतात तो मुलगा खाली मान घालतो आणि पुन्हा बोलायला धजत नाही.

आपण कोणाच्या बोलण्याला हसावे का? घरची बोली म्हणजे बिघडलेली भाषा आहे का? या प्रश्नांचा विचार करणारे एक शास्त्र आहे. त्याला मराठीत भाषाविज्ञान आणि उर्दूत लिसानियात म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जसा गुलाबाकडे आणि गवताकडे सारख्याच लक्षाने पाहतो, तसा भाषेचा अभ्यासक राजदरबारातील भाषा आणि शेतकऱ्याची बोली सारख्याच आदराने ऐकतो. या पाठात आपण अशाच एका अभ्यासकाची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन. त्यांचा जन्म भारतापासून हजारो मैल दूर झाला. परंतु भारतातील लोक कसे बोलतात, याची जेवढी मोठी नोंद त्यांनी केली, तेवढी त्यांच्यापूर्वी कोणीही केली नव्हती.

ग्रिअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिन शहराजवळ झाला. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय छपाईचा होता. पुढे ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकू लागले. त्यांचा विषय गणित होता. त्याच कॉलेजात रॉबर्ट ॲटकिन्सन नावाचे एक विद्वान प्राध्यापक होते. त्यांना अनेक भाषा येत असत. त्यांच्याकडे ग्रिअर्सन संस्कृत शिकले आणि त्यांना भाषांची गोडी लागली. त्यांनी हिंदुस्तानी भाषेचाही अभ्यास केला. गणिताची शिस्त आणि भाषांची आवड या दोन्ही गोष्टी त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडल्या.

त्या काळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या तरुणांना येथे अधिकारी म्हणून पाठवत असत. ग्रिअर्सन ही परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ मध्ये भारतात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांची नेमणूक बंगाल प्रांतात झाली. आजचा बिहार त्या वेळी याच प्रांतात होता. ग्रिअर्सन यांची नोकरीची बहुतेक वर्षे बिहारातच गेली.

ते आले त्या सुमारास बिहारात मोठा दुष्काळ पडला होता. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्याला खेड्यांतील लोकांचे म्हणणे समजणे फार गरजेचे असते. पण येथेच मोठी अडचण होती. साहेब लोक मुनशीकडून पुस्तकातील हिंदुस्तानी शिकून येत. कचेरीतील कागदपत्रांची भाषा तर त्याहून जड असे. आणि समोर उभा असलेला शेतकरी बोले मैथिली, मगही किंवा भोजपुरी. मित्रांनो, तुम्हीच विचार करा. एखाद्या माणसाच्या शेताची हद्द दुसऱ्याने मोडली आहे. तो आपल्या बोलीत तक्रार सांगतो. कारकून त्याचे बोलणे आपल्या समजुतीप्रमाणे कचेरीच्या भाषेत लिहितो. त्यात एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला, तर त्या बिचाऱ्याचे शेत जाऊ शकते. भाषा न समजल्यामुळे गरिबाचे केवढे नुकसान होते, हे यावरून ध्यानात येईल.

ग्रिअर्सन यांनी ही बोली शिकायचे ठरवले. ते केवळ पंडित आणि मुनशी यांच्यावर अवलंबून राहिले नाहीत. शेतकरी, कारागीर आणि गाणी म्हणणारे लोक यांच्या तोंडून शब्द ऐकून ते लिहून घेऊ लागले. १८८३ ते १८८७ या काळात त्यांनी बिहारमधील बोलींची सात व्याकरणे प्रसिद्ध केली. ज्या बोलींना शिकलेली माणसे गावंढळ समजत होती, त्यांनाही पक्के व्याकरण असते, हे या पुस्तकांनी दाखवून दिले. खेड्यातील माणूस बोलताना वाटेल तसे शब्द जोडत नाही. त्याच्या बोलीचेही नियम असतात. ते नियम कोणी पुस्तकात लिहिलेले नसतात, एवढाच काय तो फरक.

१८८५ मध्ये त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘बिहार पेझंट लाइफ’, म्हणजे बिहारमधील शेतकऱ्यांचे जीवन. या पुस्तकात शेतकऱ्यांच्या घरातील, शेतातील आणि रोजच्या कामातील वस्तूंची नावे आहेत. नांगर, बैलगाडी, मोट, चूल, कपडे, धान्य, लग्नाच्या रीती अशा सर्व विषयांचे शब्द त्यात गोळा केले आहेत. स्वतः ग्रिअर्सन यांनी काढलेल्या छायाचित्रांवरून तयार केलेली चित्रेही त्यात आहेत. शहरातील माणसाला नांगर ही एकच वस्तू दिसते. पण शेतकऱ्याला त्यातील फाळ, रुमणे, जू असा प्रत्येक भाग वेगळा दिसतो आणि प्रत्येकाला त्याच्याजवळ नाव असते. ज्या समाजाचे जसे काम, तसे त्याच्या भाषेत शब्द. म्हणून शब्दांचा अभ्यास करणे म्हणजे माणसांच्या जीवनाचा अभ्यास करणे होय.

ग्रिअर्सन यांना जुन्या कवींच्या ग्रंथांचीही आवड होती. मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने सोळाव्या शतकात अवधी भाषेत ‘पद्मावत’ हे काव्य लिहिले. त्याची अनेक हस्तलिखिते फारसी लिपीत आहेत. ग्रिअर्सन यांनी सुधाकर द्विवेदी या पंडितांच्या साहाय्याने या काव्याचे संपादन सुरू केले आणि त्याचा मोठा भाग अर्थासह छापला. कवी मुसलमान, भाषा अवधी, लिपी फारसी आणि संपादन करणारे एक भारतीय पंडित व एक आयरिश साहेब! भाषा कोणा एका धर्माची किंवा एका लिपीची मालमत्ता नसते, हे यावरून कळते. लिपी हा भाषेचा पोशाख आहे. पोशाख बदलला म्हणून आतील माणूस बदलत नाही.

आता ग्रिअर्सन यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १८८६ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांची एक परिषद भरली. ग्रिअर्सन तेथे उपस्थित होते. भारतातील सर्व भाषांची पद्धतशीर पाहणी करावी, असा ठराव या परिषदेत संमत झाला. पण ठराव करणे सोपे आणि काम करणे अवघड असते. सरकारने खर्चाचा विचार करण्यात बरीच वर्षे घालवली. शेवटी १८९४ च्या सुमारास तयारी सुरू झाली आणि १८९८ मध्ये ग्रिअर्सन यांची या कामावर अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. या कामाला भारतीय भाषा सर्वेक्षण असे म्हणतात. सर्वेक्षण म्हणजे पाहणी.

एवढ्या मोठ्या देशाची पाहणी एक माणूस कशी करणार? तेव्हा मोटारी फारशा नव्हत्या. आवाज साठवून ठेवण्याची साधने नुकतीच निघाली होती. ग्रिअर्सन यांनी यावर एक युक्ती योजली. त्यांनी प्रथम जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. तुमच्या जिल्ह्यात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात आणि त्या बोलणारे लोक किती आहेत, हे विचारले. नंतर प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले.

पहिला नमुना होता एका गोष्टीचा. ही गोष्ट बायबलमधील आहे. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा मुलगा वडिलांकडून आपला वाटा मागून घेतो आणि परदेशात जाऊन सर्व पैसा उधळतो. पुढे तेथे दुष्काळ पडतो. तो उपाशी मरू लागतो. मग त्याला पश्चात्ताप होतो आणि तो घरी परत येतो. वडील त्याला जवळ घेतात आणि मेजवानी देतात. हे पाहून थोरला मुलगा रागावतो. तेव्हा वडील त्याची समजूत घालतात. ग्रिअर्सन यांनी हीच गोष्ट का निवडली असेल? कारण या लहानशा गोष्टीत मी, तू, तो ही सर्वनामे येतात. बहुतेक सर्व विभक्ती येतात. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भविष्यकाळ येतात. म्हणजे एका गोष्टीत व्याकरणाचा बराच भाग हाती लागतो. मात्र भारतातील लोकांच्या भावना दुखावू नयेत, म्हणून गोष्टीतील काही शब्द बदलून घेतले होते. शब्दाचा अर्थ केवळ कोशात पाहून चालत नाही, ऐकणाऱ्याच्या मनाला तो कसा लागतो हेही पाहावे लागते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती.

भाषांतर करताना माणूस थोडा अडखळतो. त्याचे बोलणे पुस्तकी होते. म्हणून दुसरा नमुना त्या बोलीतीलच हवा होता. एखादी लोककथा, एखादे गाणे किंवा एखाद्याने सांगितलेली हकिगत चालत असे. तिसरा नमुना म्हणजे शब्दांची आणि वाक्यांची ठरावीक यादी. या यादीत २४१ शब्द व वाक्ये होती. आकडे, शरीराचे अवयव, नात्यांची नावे, सूर्य, चंद्र, आग, पाणी असे साधे शब्द त्यात होते. समोरच्याचे नाव विचारणे, घोड्याचे वय विचारणे, येथून काश्मीर किती दूर आहे ते विचारणे, अशी सोपी वाक्येही होती.

मित्रांनो, या सोप्या यादीतही किती गंमत होती पाहा. इंग्रजीत ‘अंकल’ हा एकच शब्द आहे. पण आपण मराठीत वडिलांच्या भावाला काका आणि आईच्या भावाला मामा म्हणतो. उर्दूत चचा, मामू, खालू, फुफा असे कितीतरी शब्द आहेत. मग भाषांतर करणाऱ्याने कोणता शब्द लिहावा? ज्या समाजात जी नाती वेगळी मानतात, त्या समाजाच्या भाषेत त्यांना वेगळी नावे असतात. ईशान्य भारतातील कित्येक भाषांत तर नुसता ‘हात’ किंवा नुसता ‘बाप’ हा शब्द सुटा बोलतच नाहीत. माझा हात, तुझा हात, त्याचा बाप असेच म्हणावे लागते. हात आहे तर तो कोणाचा तरी असणारच, असा त्या भाषांचा हिशोब! तेव्हा प्रत्येक भाषेची जगाकडे पाहण्याची आपली एक रीत असते.

गावोगावचे शिक्षक, पटवारी, मिशनरी आणि अधिकारी यांनी हे नमुने तयार करून पाठवले. हजारो कागद जमा झाले. एकच बोली दोन जिल्ह्यांतून दोन नावांनी आली होती. कोठे दोन निराळ्या बोलींना एकच नाव दिले होते. असे का व्हावे? याचे कारण ग्रिअर्सन यांना पाहणी करताना सापडले. खेड्यातील साध्या माणसाला आपल्या बोलीचे नाव विचारले, तर त्याला ते सांगता येत नसे. पन्नास मैलांवरील लोकांच्या बोलीला काय म्हणतात, ते तो चटकन सांगे. पण आपण जे बोलतो ती बोली नव्हेच, ती तर खरी भाषा, असे त्याला वाटे. शेजारच्या गावाचाही हाच अनुभव असे. त्यांना यांचे बोलणे विचित्र वाटे! एकमेकांच्या बोलीला नावे ठेवण्याची सवय आपल्या वर्गातच आहे असे नाही, ती सर्व जगात आहे.

१९०३ मध्ये ग्रिअर्सन सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली या गावी राहू लागले. निवृत्तीनंतर माणसे विश्रांती घेतात. यांनी मात्र भारतातून आलेल्या कागदांचे गठ्ठे समोर ठेवून काम चालूच ठेवले. स्टेन कोनो हे नॉर्वे देशातील विद्वान त्यांच्या मदतीला होते. मराठीवरील सातवा खंड कोनो यांनी तयार केला. तो १९०५ मध्ये निघाला. पहिले खंड १९०३ मध्ये छापले गेले आणि शेवटचा भाग १९२८ मध्ये बाहेर पडला. एकूण ११ खंड झाले. त्यांतील काही खंड अनेक भागांचे आहेत. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद आहे. याशिवाय काही भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भरून घेतले गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचे ते आवाज आजही जतन करून ठेवलेले आहेत.

या भाषांची नाती ग्रिअर्सन यांनी कशी ओळखली, याचे एक उदाहरण पाहा. आपण उर्दूत ‘वह गया’ म्हणतो. मराठीत ‘तो गेला’ म्हणतो. भोजपुरीत ‘गइल’ असा शब्द येतो आणि बंगालीतही ‘ल’ चेच रूप आढळते. मराठी आणि बिहारमधील भाषा यांच्यामध्ये एवढे अंतर असूनही भूतकाळात हा ‘ल’ दोन्हीकडे येतो. अशा साम्यांवरून ग्रिअर्सन यांनी एक मत मांडले. मध्यदेशाच्या भाषा आतील वर्तुळात आणि मराठी, बिहारी, बंगाली यांसारख्या भाषा बाहेरील वर्तुळात पडतात, असे ते म्हणत. परंतु बंगालचे थोर भाषापंडित सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे मत खोडून काढले. शास्त्रात असेच चालते. मोठ्या माणसाचे मतही पुराव्यावर घासून पाहावे लागते.

ग्रिअर्सन यांच्या कामात काही उणिवाही होत्या. हे सर्वेक्षण इंग्रज सरकारने आपल्या राज्यकारभाराच्या सोयीसाठी करवले होते. नमुने लिहून पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना भाषाशास्त्राचे शिक्षण नव्हते. मद्रास प्रांत, म्हैसूर संस्थान आणि हैदराबाद संस्थान यांची पाहणी झाली नाही. त्या काळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठी बोलणारा एवढा मोठा प्रदेश पाहणीच्या बाहेर राहिला. आजचे अभ्यासक स्वतः गावात जाऊन राहतात. स्त्रिया कशा बोलतात, पुरुष कसे बोलतात, म्हातारी माणसे आणि मुले कशी बोलतात, बाजारात आणि घरात एकच माणूस निराळे का बोलतो, हे सर्व ते ध्वनिमुद्रण करून तपासतात.

भाषा कोणती आणि बोली कोणती, हा तर मोठा अवघड प्रश्न आहे. ग्रिअर्सन यांनी याला डोंगर आणि टेकडी यांची उपमा दिली. हिमालयाच्या शिखराला कोणी टेकडी म्हणणार नाही. गावामागच्या उंचवट्याला कोणी पर्वत म्हणणार नाही. पण या दोहोंच्या मधे टेकडी नेमकी कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो, याची रेघ ओढता येत नाही. त्यांच्या सर्वेक्षणात गोव्याच्या कोंकणीची नोंद मराठीची बोली म्हणून झाली. पुढे १९८७ मध्ये कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. मैथिलीला असेच स्थान २००३ च्या घटनादुरुस्तीने मिळाले. म्हणजे भाषेचा दर्जा केवळ व्याकरणावर ठरत नाही. ती बोलणारे लोक तिला काय मानतात, तिच्यात शाळा चालतात का, पुस्तके निघतात का, सरकार तिला ओळखते का, यांवरही तो ठरतो.

आता आपल्याच घरी या. सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात उर्दू आणि दखनी यांचे वर्णन आहे. दखनी ही दक्षिणेतील मुसलमानांची जुनी बोली. काही लोक तिला बिघडलेली उर्दू म्हणतात. पण ती किती जुनी आणि मानाची आहे! औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील वली हे तिचे मोठे कवी. उत्तरेतील कवींनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली. दखनी बोलणारा माणूस ‘नक्को’ म्हणतो. हा शब्द मराठीतील ‘नको’ आहे. तो ‘ऐसाच’, ‘मैंच’ असे म्हणतो. हा ‘च’ सुद्धा मराठीचाच. शेकडो वर्षे एका गावात राहिलेल्या, एका बाजारात सौदा केलेल्या लोकांची ही देवाणघेवाण आहे. याला बिघाड कसे म्हणावे?

मराठीनेही आपल्याकडून खूप घेतले. जमीन, कागद, बाजार, दुकान, नजर हे फारसी-अरबी शब्द मराठीत इतके मिसळले आहेत की ते बाहेरून आले असे वाटतही नाही. काही शब्दांचे अर्थ मात्र येथे आल्यावर बदलले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करणे म्हणजे पराकाष्ठा करणे! मराठीचा पेपर लिहिताना या शब्दांपाशी तुम्ही सावध राहा. पण यांतील कोणता अर्थ खरा आणि कोणता खोटा, असे विचारू नका. शब्दाला अर्थ देतो तो समाज. ज्या समाजात तो शब्द नांदतो, तेथील अर्थ तेथे खरा.

सर्वेक्षण पूर्ण झाले त्या वर्षी, म्हणजे १९२८ मध्ये, ग्रिअर्सन यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनमधील अत्यंत मानाचा सन्मान मिळाला. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. पंडित ईश्वर कौल यांनी मागे ठेवलेल्या साहित्याच्या आधारे त्यांनी काश्मिरी भाषेचा मोठा शब्दकोश हाती घेतला होता. तो त्यांनी १९३२ मध्ये पुरा केला. ९ मार्च १९४१ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी कॅम्बर्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेले काम मात्र थांबले नाही. स्वतंत्र भारतात १९६१ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या १६५२ मातृभाषांची नोंद झाली. पुण्याजवळच्या भोर येथे जन्मलेले गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये लोकांनी लोकांच्या भाषांची नवी पाहणी सुरू केली. तिच्यात ७८० भाषांची नोंद झाली. या वेळी भाषा बोलणाऱ्या माणसांनीच आपल्या भाषेची माहिती लिहिण्यास मदत केली, हे विशेष होय.

मित्रांनो, या पाठाचा असा अर्थ घेऊ नका, की प्रमाण भाषा शिकण्याची गरज नाही. शुद्ध उर्दू आणि प्रमाण मराठी मन लावून शिका. अर्ज लिहायला, परीक्षा द्यायला, कचेरीत आपले म्हणणे मांडायला त्या भाषा लागतात. बिहारच्या शेतकऱ्याला कचेरीची भाषा येत नव्हती आणि कचेरीला त्याची भाषा येत नव्हती. त्यात नुकसान शेतकऱ्याचेच होत असे. ते तुमचे होऊ नये. परंतु नवी भाषा शिकण्यासाठी घरची बोली टाकून देण्याची गरज नाही. एका माणसाच्या डोक्यात अनेक भाषा सुखाने राहू शकतात.

एक काम करा. एक वही घ्या. दादी, नानी, अब्बा, अम्मी यांच्या बोलण्यातील जे शब्द तुमच्या पुस्तकात नाहीत, ते त्या वहीत लिहा. स्वयंपाकघरातील भांड्यांची नावे विचारा. तुमच्या घरच्या धंद्यातील अवजारांची नावे विचारा. पुढे अर्थ लिहा आणि तो शब्द कोणी, केव्हा वापरला तेही लिहा. मोठी माणसे गेली, की त्यांचे शब्दही त्यांच्याबरोबर जातात. मग ते कोणत्याही कोशात सापडत नाहीत. आणि उद्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरच्या बोलीत बोलली, तर हसू नका. जवळ जाऊन त्या शब्दाचा अर्थ विचारा आणि तो शब्द आपल्या वहीत लिहून घ्या.